जरासं ऊन

बावची हे तण लिंबाजीनं जन्मभर उपटलं. रानाच्या धुऱ्यावर, बांधाला दिसली की खुरप्याचा एक फटका, की गेली गुरांच्या पायाखाली. माघातल्या एका सकाळी मात्र तो त्याच धुऱ्यावर उकिडवा बसून बावचीच्या काळ्या बारक्या शेंगा उपरण्यात गोळा करत होता आणि मधूनमधून मागं बघत होता. चोरी मालकाच्या तणाची होती. अशा चोरीत कुणी ओरडायचं आणि कुणी पळायचं हे कधी ठरलेलं नसतं, त्यामुळं तो बसूनच राहिला.

मालक म्हणजे अनंतराव गुरुजी. सेलूत राहायचे. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आणि वालूरच्या पलीकडं, जिथं डांबरी सडक कंटाळून संपते, तिथं त्यांचं रान. लिंबाजी त्यांचा सालगडी. गुढीपाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सोडायचं आणि त्याच दिवशी परत धरायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

दोन वर्षांमागं लिंबाजीच्या उजव्या हाताच्या बोटाच्या पेरावर पांढरा ठिपका आला. त्याला वाटलं, पानाचा चुना. त्यानं तो धुतला. चुना गेला नाही, वाढला. आता दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पांढरे होते, कुणी मापानं मोजे शिवून घातल्यासारखे. कोड दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. लिंबाजीला ते काहीच करत नव्हतं. जे काही करत होतं ते गावाला करत होतं.

गावात हनुमान जयंतीचा भंडारा व्हायचा, आणि त्या पंगतीत वरण वाढायचं ते लिंबाजीनंच. बकेट डाव्या हातात, वगराळं उजव्या हातात, आणि माणूस पळत. भाताला केलेल्या आळ्यात वरण बरोबर पडायचं, पत्रावळीबाहेर थेंब नाही. हे सोडून दुसऱ्या कशाबद्दल कुणी लिंबाजीचं नाव काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. मागच्या वर्षी त्यानं बकेट उचलली आणि पंगतीचा कारभारी सूर्यभान पुढं आला. बकेट त्यानं हळूच, दवाखान्यात पेशंटची पिशवी घ्यावी तशी काढून घेतली.

"बस लिंबाजी. दमला असशील."

लिंबाजीनं अजून सुरुवातच केली नव्हती. पण तो बसला. दमल्यासारखा बसला, सूर्यभान खोटा पडू नये म्हणून.

नंतर श्रावणात त्याची बायको रुख्मिणी लेकीच्या बाळंतपणाला चारठाण्याला गेली. लेक रेणुका सुखरूप सुटली, नातू झाला, नातवानं मान धरली, नातू बसायला लागला, आणि रुख्मिणी अजून बाळंतपणातच होती. लिंबाजी एकदा नातू बघायला गेला. विहीणबाईंनी लेकरू त्याच्या समोरून उचललं, आतल्या बाजेवर नेऊन ठेवलं आणि मनल्या, "झोपलाय बगा."

लेकरू दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत होतं.

येताना एसटीत लिंबाजीनं हिशेब केला. विहीण एकटी बाई. तिला कोण समजावणार? पण गाव? अख्खं गाव आपल्या हातचं वरण जेवलं, तर विहीण कोणत्या तोंडानं लेकरू झोपवंल? मंजे आधी रंग, मग बकेट, मग नातू. रांग सरळ होती. रंगापाशी अडली होती.

म्हणून तो मानवतच्या बाजारात झाडपाल्याची पोतडी मांडून बसणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढं जाऊन बसला आणि हात पुढं केले. म्हाताऱ्यानं पुडीतून काळं बी काढलं.

"बावची. वाटून तेलात कालवायची. लावायची. जरासं ऊन दाखवायचं. आन्..."

लिंबाजी पुढचं ऐकायला थांबलाच नाही. त्यानं ते बी ओळखलं होतं. हे तर आपल्या धुऱ्यावर गुडघ्याएवढं वाढतंय! जन्मभर आपण आपलाच इलाज उपटून गुरांपुढं टाकायलाव, ह्या गोष्टीचं त्याला इतकं हसू आलं की तो हसतच एसटीपर्यंत गेला. म्हाताऱ्याचं 'आन्' बाजारातच राहिलं.

घरी त्यानं धुऱ्यावरून आणलेलं बी पाट्यावर वाटलं, करडीच्या तेलात कालवलं. उग्र वास सुटला. शेजारच्या चांगुणाबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, "लिंबा, काय जाळायलास रे?" चांगुणाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिचं सगळं गाव नाकानं आणि कानानं चालायचं.

"भाजी केलीय काकी."

"मंग खाऊ नको."

सकाळी हातांना तेल चोपडून तो ज्वारी उपटायला गेला. जरासं ऊन, म्हातारा मनला होता. लिंबाजीपाशी उन्हाचं सगळ्यात लहान माप एकच होतं: एक पात. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत जेवढ्या ओळी एका माणसानं धरायच्या ती पात. न्याहारी करून धरली की दुपारच्या भाकरीला सुटते. ह्याहून कमी ऊन लिंबाजीनं कधी खाल्लं नव्हतं. आजारी असतानाही नाही.

ताटं मुठीत धरायची, कमरेतून झटका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटायची, आडवी टाकायची. ताटांचं टोकदार धस हातात घुसत होतं, तेलात धूळ बसत होती. पात झाली. त्यानं हात बघितले. होते तसेच पांढरे. संध्याकाळी बघितले. तसेच.

औषध कमी पडायलंय, त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेल दाट लावलं आणि दोन पाता धरल्या.

"लिंबाजीमामा, काय अंगात आलंय का?" मजुरीच्या बायका हसायला लागल्या. त्याही अंतर राखूनच हसायच्या. त्याच्या शेजारची पात मोकळी असायची. गुरुजींना वाटायचं, रान नीट वाटून घेतलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीला तांब्या धरवेना. हात लाल झाले होते, गरम, सुजून चकाकत होते. कुणी आतून चूल पेटवल्यासारखे. चौथ्या दिवशी फोड आले. पेरूएवढा एक, चिंचोक्याएवढे बरेच, पाण्यानं भरून हलणारे. गंमत अशी की पांढऱ्या जागेत लाल फोड आल्यामुळं हात पहिल्यांदाच गावासारखे दिसत नव्हते की कोडासारखेही दिसत नव्हते. तिसऱ्याच कुणाचे तरी दिसत होते.

गुरुजी ज्वारी बघायला आले आणि गडी बघून उभे राहिले.

"हे काय करून घेतलंस?"

"इलाज."

"कुणाचा?"

"बावचीचा."

गुरुजींनी त्याला परभणीच्या एसटीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. वाटेत फक्त एकदाच बोलले. "लिंबाजी, मी तीस-बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं की झाडाची पानं उन्हापासून अन्न करतात. पानाला जमतं ते. तुला कुणी सांगितलं होतं?"

कातड्याच्या डॉक्टरीण मैथिली म्हणून होत्या, लेकीच्या वयाच्या. त्यांनी हात बघितले, वास घेतला.

"बावची लावली का काका?"

"हाव. तुमाला बी म्हाईत हाय?"

"आम्हीसुद्धा याच गुणाचं औषध देतो. तुमचं औषध चुकलं नाही. ह्या बियांतला अंश कातडीत मुरला की कातडी उजेडाला हळवी होते. तेवढ्यात मोजून ऊन दिलं तर कधीकधी रंग जागा होतो. जास्त दिलं तर भाजते. किती ऊन घेतलं?"

"जरासं."

"जरासं म्हणजे?"

"एक पात."

डॉक्टरीण गुरुजींकडं बघायला लागल्या. गुरुजी खाली बघत मनले, "न्याहारीपासून दुपारपर्यंत."

"पैल्या दिशी कायच झालं न्हाई," लिंबाजी तक्रारीच्या सुरात बोलला. "मनून दुसऱ्या दिशी दोन."

"ते लगेच दिसत नसतं काका. एक-दोन दिवसांनी वर येतं. खाल्लं तर नाही ना बी?"

"इचार व्हता."

"खाऊ नका. लिव्हरवर जातं." त्यांनी मलम लावलं, पांढरी पट्टी गुंडाळली आणि पुढचं सांगितलं. आधी हे बरं होऊ द्यायचं. मग पातळ केलेलं औषध देऊ, आठवड्यातून दोनदा, ठिपका ठिपका लावायचं. सकाळचं ऊन घ्यायचं, चुलीवर चहा ठेवून तो उतरेपर्यंतच. आणि मग हात साबणानं धुवायचे, झाकायचे आणि दिवसभर सावलीत राहायचं.

लिंबाजीला एकदम मानवतच्या म्हाताऱ्याचं 'आन्' आठवलं. ते हे होतं.

"सावलीत?" तो खरंच हसला. "बाई, सावलीत काम कोण देतंय?"

डॉक्टरीण हसल्या नाहीत. "बोटांवर रंग यायला अवघड असतं, हेही सांगते. वर्ष लागेल. येईलच असंही नाही. आणि काका, हे कुणाला लागत नाही. हातचं जेवलं, लेकरू घेतलं, काही होत नाही."

"मला म्हाईत हाय. गावाला न्हाई."

"लिहून देऊ का?"

"कुठं चिटकवू?"

तो पट्ट्या बांधून गावात उतरला आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. माणसं आली. दोन वर्षं ज्यांनी ओट्यासमोरून जाताना पावलं वाढवली होती, ती ओट्यावर टेकली. कुणी वाटीत कोरड्यास आणलं, कुणी भाकरी. कोडाला कुणी बघायला येत नाही, भाजलेल्याला येतात. भाजणं हा घरंदाज रोग आहे. त्याला चौकशी असते, कढी असते, बसायला पोतं असतं. काय झालं हे लिंबाजीला सांगावंच लागलं नाही. गावानं आपलं आपण ठरवून टाकलं.

"बाई घरात न्हाई, मंग चुलीवर भाजणारच की माणूस."

"दोन बी हात?"

"भाकर थापायला दोनच लागतेत."

सूर्यभानसुद्धा आला. लिंबाजीला भांडं धरवत नव्हतं, म्हणून सूर्यभाननं स्वतः चहा ठेवला, बशीत ओतला आणि बशी त्याच्या तोंडाला लावली. एवढ्या जवळून त्यानं सूर्यभानचं तोंड दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मिशी पिकली होती.

संध्याकाळी चारठाण्याहून फोन आला. चांगुणाबाईच्या नातीनं तो लिंबाजीच्या कानाला धरला.

"आवो, गाव काय मनायलंय? मी हितं लेकीकडं बसले मनून तुमी जळाले?" रुख्मिणी चिडली होती आणि रडतही होती, दोन्ही एकाच आवाजात.

"चुलीनं न्हाई गं. उन्हानं."

"ऊन काय आज लागलं का तुमाला!"

"आज लागलं," लिंबाजी मनला.

फाल्गुनात फोड बसले, साल निघाली, खाली गुलाबी कातडी आली. डॉक्टरणीनं सांगितलं, आता पट्टी सोडा, हवा लागू द्या. ती पट्टी सुटली तशी ओट्यावरची पोती उचलली गेली. पहिल्या दिवशी कोरड्यास थांबलं, मग चौकशी थांबली. लिंबाजी रात्री दाराशी बसून भिंतीपलीकडं चांगुणाबाई खोकते का हे ऐकायचा. ती खोकली की हाही खोकायचा. तेवढंच बोलणं.

पाडव्याला गुरुजी आले. सालाचं काही बोलले नाहीत, पिशवीतून एक गाठोडं काढलं. शाळेत घालायचे त्यांचे जुने लोकरी पायमोजे.

"हातात घाल. कोपरापर्यंत येतात. उन्हातलं काम उन्हातच करावं लागणार, पण हात सावलीत राहतील."

चैत्राच्या उन्हात हातांत लोकरीचे मोजे घातलेला गडी बैलांनी कधी पाहिला नव्हता. तांबडा दोन दिवस जू घेईना. मोज्याच्या टाचेची जागा बरोबर मनगटावर यायची आणि तिथं ठिगळ होतं. पण आठवड्यातून दोन सकाळी लिंबाजी नव्या औषधाचे ठिपके लावून चुलीवर चहा ठेवायचा, ओट्यावर बसून हात उन्हात धरायचा आणि आधण उतरलं की धुऊन मोज्यांत घालायचा. एका सकाळी त्याला उजव्या मनगटावर तीळ सांडल्यासारखं दिसलं. त्यानं फुंकर मारली. उडाले नाहीत. करंगळीच्या मुळाशीही तीन-चार होते.

दाखवायला कुणी नव्हतं. तो भिंतीपाशी गेला.

"काकी, रंग यायलाय."

"कशाला?"

"हाताला."

"बरं झालं. मला सगळंच एका रंगाचं हाय."

जयंतीच्या आधी सूर्यभान वाटेत भेटला. मोज्यांकडं बघितलं, आजूबाजूला बघितलं.

"औंदा वरण तूच घे लिंबाजी. तुझ्यासारखं कुणाला जमंना. गेल्या साली निम्मं वरण लोकायच्या मांडीवर गेलं." मग त्याच्या खांद्यापाशी, पण खांद्याला न लावता, हात नेऊन मनला, "फक्त ती पट्टी बांध. धुतलेली, पांढरी. पट्टी असली की कसं, बरं दिसतं."

"भाजलेलं बरं झालंय, दादा."

"मला काय कळंना का? बांध."

लिंबाजीनं त्या दिवशी रुख्मिणीला फोन लावला. वरण आपल्याकडं हाय. विहीणबाईला घिऊन ये. लेकराला घिऊन ये. पट्टीचं तो बोलला नाही.

मारुतीच्या देवळापुढं मंडप होता. बाप्यांची पंगत झाली. लिंबाजी पळत होता. बकेट डावीकडं, वगराळं उजवीकडं, पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, आणि वरण बरोबर आळ्यात. "लिंबाजी, हिकडं!" "लिंबाजी, पुन्हा!" हे शब्द दोन वर्षं त्याच्या कानात साचून राहिले होते, आता खरे ऐकताना ते जुनेच वाटत होते. सूर्यभान खांबाला टेकून मान हलवत होता.

मग बायांची पंगत बसली. मधोमध रुख्मिणी, तिच्या शेजारी विहीणबाई, विहिणीच्या मांडीवर लेकरू. रांगेच्या शेवटी चांगुणाबाई, नातीनं आणून बसवलेली. लिंबाजीनं बकेट भरून घेतली आणि वाकला, तेव्हा उजव्या हाताच्या पट्टीची गाठ सुटली. घामानं सुटली. टोक लोंबायला लागलं, वरणाच्या दिशेनं.

त्याच्यापुढं दोनच गोष्टी होत्या. पट्टी वरणात जाऊ द्यायची, नाहीतर सोडायची. त्या बकेटीतून तेवढी माणसं जेवणार होती. त्यानं बकेट खाली ठेवली, पट्टी दातानं ओढून सोडली, उपरण्याला हात पुसला आणि वगराळं धरलं. गुलाबी-पांढरा हात, मनगटावर तीळ.

पहिल्या बाईनं पत्रावळीवर तळवा धरला. "पुरे."

तिच्या पानात नुसता भात होता.

"बस मामा, पोट भरलं," दुसरी मनली. तिसरीनं नुसता हात आडवा केला. एवढ्या लवकर पोट भरलेली पंगत त्या गावात कधी बसली नव्हती. कोरड्या भाताची आळी रांगेनं त्याच्याकडं बघत होती आणि प्रत्येकीवर एक तळवा पालथा होत होता, कुणी दार लावत जावं तसा. लिंबाजी प्रत्येकीपुढं वाकत होता. न वाकता पुढं गेलं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

तो रुख्मिणीपुढं आला. विहीणबाईंनी लेकरू छातीशी ओढलं आणि रुख्मिणीकडं बघितलं. रुख्मिणी पत्रावळीकडं बघत होती. तिचा हात मांडीवरून उठला, थोडा वेळ हवेत राहिला, आणि पानावर आला.

"पुरे," ती मनली.

"बरं," लिंबाजी मनला.

शेवटी चांगुणाबाई. तिचं पान उघडं होतं. दोन्ही हात गुडघ्यावर.

"काकी, मी हाय. पट्टी सोडलीय."

"कळालं की. येवढ्या सगळ्या बायका एकदम गप कशानं बसतेत? वाढ."

त्यानं वाढलं. तिनं कालवलं, घास घेतला, चघळला. सगळी पंगत तिच्या तोंडाकडं बघत होती.

"मीठ कमी हाय," चांगुणाबाई मनली.

लिंबाजीनं बकेट नेऊन सूर्यभानपुढं ठेवली. "मीठ कमी हाय मनतेत." सूर्यभाननं दुसऱ्याच्या हातात वगराळं दिलं. ह्या वेळी तो दमलास मनला नाही.

दुपार कलली तेव्हा लिंबाजी घरात भिंतीला टेकून बसला होता. दारात सावली पडली. रुख्मिणी एकटीच होती. विहीणबाई आणि लेकरू एसटीच्या फाट्यावर, लिंबाखाली थांबलेले.

ती चुलीपाशी बसली.

"भूक लागली," ती मनली. "कोरडा भात गिळवंना."

लिंबाजी उठला. पीठ काढलं, कोमट पाण्यानं मळलं, उघड्या हातांनी भाकर थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आरावर शेकली. श्रावणापासून थापून थापून त्याची भाकर गोल झाली होती. आधी भारताच्या नकाशासारखी व्हायची. रुख्मिणीनं एक खाल्ली. दुसरी मागितली. दाराकडं पाठ करून, भराभर, तेल-तिखटाशी.

पाणी पिऊन तिनं त्याचं मनगट धरलं आणि उजेडाकडं वळवलं.

"हे तीळ तीळ काय हाय?"

"रंग. डाक्टरीण मनली, साल लागंल. बोटाला येईल का न्हाई, म्हाईत न्हाई." त्यानं करंगळी दाखवली. "हितं मात्र जरा धरलंय."

"दिवाळीपर्यंत पोरगं चालायला लागंल," रुख्मिणी मनली.

"मंग कडेवर घ्यायचं कामच न्हाई. बोट धरलं की झालं. एक बोट व्हईल तवर तयार."

रुख्मिणी हसली, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावून बाहेर पडली. फाट्यावर एसटीनं हॉर्न दिला होता. लिंबाजी दारात आला नाही. विहिणीला दिसलं असतं. त्यानं तवा धुतला, ताट धुतलं. भिंतीपलीकडं चांगुणाबाई खोकली. तो खोकला.

सकाळी त्यानं चहा ठेवला, औषधाचे ठिपके दिले आणि ओट्यावर बसून हात उन्हात धरले. करंगळी बाकीच्या बोटांच्या थोडी पुढं. ऊन बरं लागत होतं. धुऱ्यावर बावची पुन्हा फुटली असेल, कुणी उपटायच्या आत बघायला पाहिजे, असं काहीतरी तो मनात बोलत होता, तोवर चहा वर आला. अजून जरासं बसावं, असं त्याला लय वाटलं.

त्यानं चहा उतरवला, हात साबणानं धुतले, आणि एकेक बोट सावकाश गुरुजींच्या मोज्यात घातलं.